वाकड्या मणक्याचं पिल्लू : बडोद्यातल्या नागाच्या अंड्यांचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. सर्पमित्रांच्या ज्या गटाकडे हे काम आलं, त्यांच्या नोंदवहीची जबाबदारी माझ्याकडे होती. पिल्लांना हात लावणारे वेगळे, निर्णय घेणारे वेगळे. म्हणून थोडं लांबून लिहिता येतंय.

पार्श्वभूमी

मे २०२४. वाघोडिया रस्त्याच्या बाजूला एका मराठी कुटुंबाच्या प्लॉटवर जुनं कंपाउंड पाडून पाया खणायचं काम सुरू होतं. पडलेल्या विटांच्या ढिगाखाली उंदरांची बिळं, आणि त्यातल्या एकात अंड्यांना विळखा घालून बसलेली नागीण. नागाची मादी अंडी घालून निघून जात नाही, पिल्लं बाहेर येईपर्यंत शक्यतो तिथेच राहते. एका वेळी १० ते ३० अंडी असतात आणि ती फुटायला साधारण ४८ ते ६९ दिवस लागतात. म्हणजे काम दोन महिने थांबवलं असतं तर बाकीचं सगळं नागिणीनेच केलं असतं. पण ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले होते, आणि पावसाळ्याआधी पाया भरायचा होता.

फोन गेल्यावर गटातली मुलं पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात नागीण शेजारच्या फटीत सरकली आणि एका धीट मजुराने फावड्याने अंडी उचलून घमेल्यात भरली. घमेलं उन्हात. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन, लोखंडी घमेलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, अंडी फुटू नयेत म्हणून त्याने खाली पोतंसुद्धा घातलं होतं.

नागीण सुखरूप धरली गेली, वनखात्याला कळवलं गेलं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिला त्याच भागातल्या झाडोऱ्यात सोडलं. प्रश्न उरला अंड्यांचा. कोंबडीच्या अंड्यात बलक मधोमध धरून ठेवणारे पीळदार दोरे असतात, सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच काळात गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर गर्भ बलकाखाली दबतो, बऱ्याचदा मरतोच. इथे तर सगळी अंडी गडगडली होती.

गटातल्या एका ताईने मोबाइलचा टॉर्च लावून प्रत्येक अंडं अंधाऱ्या खोलीत पाहिलं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं बारीक जाळं दिसतं आणि एका बाजूला गडद ठिपका. तो ठिपका वर येईल असं अंडं ठेवायचं आणि त्या जागी मऊ पेन्सिलीने फुली मारायची. पेन नाही, शाई कवचातून आत उतरू शकते. सतरापैकी तेरा अंड्यांत जाळं दिसलं. ती तेरा झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, अर्धी पुरून ठेवली. कोकोपीट मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकंच ओलं.

अडचण

डबा ठेवला गटातल्या एकाच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. कारण सरळ होतं. घरात लहान मुलं, आणि आत नागाची अंडी आहेत हे कळल्यावर आईने दुसरी जागा दिलीच नाही. सापाच्या अंड्यांना २८ ते ३० अंश तापमान मानवतं. नोंदवहीत मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या दुपारचे आकडे ३४, ३५, एकदा ३६ असे आहेत. रात्री पुन्हा उतरायचं. एवढी चढउतार मणके घडत असताना झाली तर पाठीचा कणा वाकडा राहतो, डोळा किंवा जबडा अर्धवट राहतो. साप पाळणाऱ्या आणि पैदास करणाऱ्या जगभरच्या लोकांचा हा अनुभव आहे.

जुलैच्या मध्याला अंडी चिरायला लागली. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक अणकुचीदार दात असतो, त्याने ते कवचाला चीर पाडतं आणि मग लगेच बाहेर येत नाही. नाक बाहेर काढून दिवस-दीड दिवस आतच बसतं. पोटाशी उरलेला बलक शरीरात ओढून घ्यायचं काम तेव्हा चाललेलं असतं. या वेळी घाई करून पिल्लू ओढून काढलं तर बलकाची पिशवी बाहेरच राहते. मुलांनी घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तेरातली नऊ पिल्लं जिवंत निघाली. सहा ठणठणीत, वीतभराहून थोडी मोठी, बाहेर आल्या आल्या फणा काढून फुत्कारणारी. त्यातल्या एकाच्या फण्यावर चष्म्याची खूण जवळपास नव्हतीच, म्हणून पाहणाऱ्या दोघातिघांनी तेही 'व्यंग असलेलं' ठरवून टाकलं. ते चूक. नागाच्या फण्यावरची खूण पिल्लागणिक बदलते, काहींत पुसट असते, काहींत अजिबात नसते. हे व्यंग नव्हे.

खरी व्यंगं तिघांत होती. गटाने पिल्लांना नावं द्यायची नाहीत असं ठरवलं आणि डब्यांवर आकडे चिकटवले. या पूर्ण प्रकरणातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटलेला हा निर्णय. सातव्याच्या पोटाबाहेर वाटाण्याएवढी बलकाची पिशवी लोंबत होती. आठव्याच्या पाठीला तीन ठिकाणी कोन होते, सरळ सरपटताना मधला भाग एका अंगावर कलायचा. नवव्याला डावा डोळाच नव्हता. तिथे सपाट खवले आणि किंचित खळगा.

एकाच घरट्यातल्या तीन पिल्लांत तीन वेगळी व्यंगं आली, तेव्हा संशय उष्णतेवर आणि गडगडण्यावर जातो. पण एका घरट्यावरून तो सिद्ध होत नाही. रक्ताच्या नात्यातल्या जोडीनेही अशी पिल्लं होतात.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सगळ्यांच्या तोंडी होता. सोडून द्या, निसर्ग बघून घेईल. त्यात तथ्य आहे. नागाची बहुतेक पिल्लं पहिल्या वर्षातच मोर, बगळे, मुंगूस, घोरपड यांच्या तोंडी जातात. पण 'निसर्ग बघेल' हे वाक्य म्हणणाऱ्याला मोकळं करतं, पिल्लाला नाही. ज्याला गिळलेलं पुढे ढकलता येत नाही, ते निसर्गात आठवड्यांनी मरतं, क्षणात नाही.

दुसरा, आपल्याकडे ठेवणं. हा मार्ग कायद्याने बंद होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आला. उपचारापुरतं, वनखात्याच्या माहितीत ठेवता येतं. कायमचं ठेवायचं तर मान्यता असलेलं प्राणिसंग्रहालय किंवा बचाव केंद्रच हवं. आणि तिथे तरी कोण घेणार? नाग कैदेत पंधरा-वीस वर्षं सहज काढतो. एका अपंग विषारी सापासाठी तेवढी वर्षं पिंजरा, खाद्य आणि शिकलेला माणूस अडकवायला कुठलीही जागा दोनदा विचार करणार.

तिसरा मार्ग दयामरणाचा. हा शब्द गटात पहिल्यांदा काढला गेला तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. इथे एक गैरसमज होता, की डॉक्टर हो म्हणाले की झालं. तसं नाही. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतला प्राणी बरा होण्यापलीकडे अपंग किंवा आजारी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी हुकूम देऊ शकतात. गटाचा, डॉक्टरांचा किंवा वनखात्याच्या स्थानिक रेंज ऑफिसातल्या कुणाचाही तोंडी होकार पुरत नाही.

चौथा मार्ग म्हणजे थांबून पाहणं, पण कशाची वाट पाहतोय हे आधी लिहून. डॉक्टरांनी हाच धरला. वन्यप्राण्यांवर उपचार करणारे हे डॉक्टर मोजकं बोलतात. त्यांनी तीन प्रश्न लिहून दिले. गिळता येतं का? गिळलेलं पचून बाहेर पडतं का? कात एकसंध निघते का? दिसायला कसं आहे, हा प्रश्न यादीत नव्हता.

काय केलं

सहा पिल्लांचं सोपं होतं. पहिली कात टाकेपर्यंत त्यांना पोटातला बलक पुरतो, खायला द्यावं लागत नाही. कात पडल्यावर वनखात्याच्या माणसासमोर ती दोन-दोन करून वेगवेगळ्या ठिकाणी सोडली.

सातव्याची रात्र अवघड गेली. पिशवी दोऱ्याने बांधून कापावी असं एकाचं म्हणणं होतं, दोरा उकळूनही ठेवला होता. डॉक्टरांनी फोनवर ठाम नकार दिला. त्या पिशवीत पिल्लाची शिदोरीच नाही, जिवंत रक्तवाहिन्याही असतात. कापली तर रक्त जाईल किंवा पोटात जंतू शिरतील. पिशवी फुटली किंवा वाळून काळी पडली तरच बांधायचा विचार. सांगितलं ते एवढंच : कोकोपीट काढा, कण चिकटतात. डब्यात सलाइनने भिजवलेला साधा टिश्यू पेपर, अंधार, ऊब, आणि कुणीही उघडून बघायचं नाही. चौथ्या दिवशी पिशवी हरभऱ्याएवढी, मग एक सुरकुतलेला ठिपका. पुढे पोटावरच्या खवल्यांत एक आडवी रेघ तेवढी उरली. पहिली कात एकसंध पडली आणि सातवं पिल्लूही गेलं.

आठव्याने सगळ्यांचा वेळ घेतला. त्याला पारदर्शक नळीत सरकवून एक्स-रे काढला. नाग हाताळताना नळी लागतेच, पिल्लू असलं तरी. नागाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं, वीतभर आहे म्हणून दंश किरकोळ होत नाही. एक्स-रेच्या आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे फोन करून विचारून घेतलं होतं. फिल्मवर दोन ठिकाणी मणके पाचरीसारखे दबलेले आणि एकमेकांना जोडलेले दिसले. ते सरळ होणारे नव्हते.

तरीही खाऊ घालून बघायचं ठरलं. उंदराचं नुकतं जन्मलेलं मेलेलं पिल्लू, त्यावर पालीच्या तुटल्या शेपटीचा वास चोळलेला. ही युक्ती जुनीच आहे, कारण नागाच्या लहान पिल्लांना पाली आणि बेडकांचा वास ओळखीचा वाटतो. आठव्याने झेप घेतली ती दोन बोटं बाजूला गेली. दुसरी, तिसरीही. शेवटी चिमट्याने तोंडाशी धरल्यावर त्याने पकडलं आणि गिळलं. पोटातला फुगवटा मागे सरकत सरकत दुसऱ्या कोनापाशी आला आणि थांबला. दोन दिवसांनी त्याने तो उलटून टाकला. मग अर्धा तुकडा दिला, तो गेला. पण नंतर शेपटीजवळून जो पांढरा, खडूसारखा मूत्राचा खडा पडायला हवा, तो पडला नाही आणि कोनाच्या वरचा भाग सुजायला लागला.

इथे श्रावण आला. बडोद्यात नागपंचमी दोनदा येते. आपली श्रावण शुद्ध पंचमी, आणि गुजराती शेजाऱ्यांची वद्य पंचमी. ज्यांच्या प्लॉटवर अंडी सापडली, त्यांच्या आजींनी शुद्ध पंचमीला पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या आणि दूध ठेवलं, दिंडं उकडली. त्या दिवशी त्यांच्याकडे चिरणं नाही, तळणं नाही, जमीन खणणंही नाही. मुलाला म्हणाल्या, "खणलंस तेव्हा पंचमी नव्हती रे, पण बाळंतीण होती की तिथे." त्या मुलाने, म्हणजे प्लॉटवाल्या काकांनी, त्यानंतर गटाला एक्स-रेचे पैसे आपणहून पाठवले.

वद्य पंचमीपर्यंत मात्र बातमी गल्लीत पसरली होती, की अमुक मुलांकडे वाकडा नाग आहे, देवाचा आहे. दोन-तीन बायका कुलेर आणि दूध घेऊन दाराशी आल्या. बाजरीचं पीठ, तूप, गूळ, सगळं श्रद्धेने केलेलं. ताईने त्यांना आत घेतलं नाही, पण परतही पाठवलं नाही. अंगणात बसवून सांगितलं, की सापाला दूध पचत नाही, तहानलेला साप पाणी समजून पितो आणि आजारी पडतो. त्यातल्या एकीने कुलेर तिथल्या मुलांना वाटून टाकला. त्याच आठवड्यात एक गृहस्थ येऊन गेले, त्यांना पिल्लू 'दर्शनाला' काही दिवस हवं होतं, पैसेही बोलले. त्यांना वनखात्याचा नंबर दिला. ते परत आले नाहीत.

दयामरणाचा अर्ज या गडबडीत गेला, एक्स-रेनंतर बऱ्याच दिवसांनी. आणि जन्माष्टमीला पाऊस लागला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या त्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्या. वनखातं आणि शहरातला प्रत्येक सर्पमित्र रात्रंदिवस त्यातच होता. आठवं आणि नववं पिल्लू डब्यांसकट वरच्या मजल्यावर गेलं. त्या दिवसांतल्या नोंदवहीच्या पानांवर फक्त वेळा आणि 'ठीक' एवढंच आहे.

निष्पत्ती

आठव्याचा लेखी हुकूम सप्टेंबरात आला. तोवर त्याची सूज वाढली होती आणि त्याने जीभ बाहेर काढणं जवळपास बंद केलं होतं. सापाच्या बाबतीत हे वाईट लक्षण.

पद्धतीबद्दल थोडं, कारण लोक याबाबत भलतंच करतात. लहान साप डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवणं सौम्य वाटतं, पण तसं ते नाही. शुद्धीत असताना गोठवलं तर वेदना होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सरपटणाऱ्यांचा मेंदू प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरतो आणि हृदय तर नंतरही धडधडत राहतं, म्हणून हे काम दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी भुलीचं इंजेक्शन देऊन पूर्ण बेशुद्धी, ती तपासून खात्री, आणि मगच मेंदूचं काम थांबवणं. डॉक्टरांनी तसंच केलं. नंतर पोट उघडलं तेव्हा दुसऱ्या कोनापाशी आतडं चेपलेलं होतं आणि त्याच्या वर न पचलेलं तुंबलेलं. पंचनामा झाला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचं शवही सरकारच्या मालकीचं असतं, त्यामुळे ते वनखात्याच्या ताब्यात जाऊन त्यांच्यासमोरच जाळलं गेलं.

नववं तोवर छान खात होतं. नाग जिभेने वास गोळा करून टाळूतल्या अवयवापाशी नेतो, त्यामुळे एक डोळा नसल्याने शिकार सापडायला त्याला अडचण नव्हती. घोणसाच्या नातलग चापड्यासारखे उष्णता ओळखणारे खड्डे मात्र नागाला नसतात, तेव्हा डाव्या बाजूने येणाऱ्या धोक्याची चाहूल त्याला उशिरा लागणार, हेही खरं. हातात टॉवेल धरून डावीकडून हळू गेलं की ते फणा काढायचं नाही. उजवीकडून गेलं की लगेच. दोन काता एकसंध पडल्या, उजव्या डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्राही कातीबरोबर निघाला. डाव्या खळग्यात पू नव्हता.

ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आत, उंदीर आणि बेडूक भरपूर असलेल्या शेताच्या बांधावर त्याला सोडलं. या निर्णयावर गटात एकमत नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी गच्चीची खोली. तळमजल्यावरची कुठलीही बंद कोठी चालली असती. नाहीतर थर्माकोलच्या खोक्यात पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्यामध्ये डबा. पाणी हळू तापतं, हळू निवतं, दुपारचा चढ तीन-चार अंशांनी तरी सपाट होतो. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर पहिल्याच दिवशी असता, तर ३६ चा आकडा योगायोगाने नाही, आपोआप कळला असता. त्यानंतरच्या उन्हाळ्यासाठी गटाने तळमजल्यावरच्या एका दुकानाची मागची खोली बघून ठेवली.

दुसरं, कलम ११ चा अर्ज एक्स-रेच्याच दिवशी जायला हवा होता. हुकूम हातात असणं म्हणजे तो वापरलाच पाहिजे असं नाही. पिल्लू सुधारलं असतं तर कागद फाइलीत पडून राहिला असता. गटातल्या मुलांना वाटत होतं, की अर्ज केला म्हणजे आपण आशा सोडली. त्यामुळे सुजलेलं पोट घेऊन आठव्याने काही आठवडे जास्त काढले. पूर आला नसता तरी उशीर झालाच असता.

तिसरं, सुरुवातीचा पाऊण तास. फोन घेणाऱ्याने त्याच फोनवर दोन वाक्यं सांगायची असतात : अंडी हलवू नका, वरून ओलं पोतं आणि सावली करा. आता गटात फोन घेणाऱ्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर ती मराठीत आणि गुजरातीत लिहिलेली आहेत. ठेकेदारांसाठी हिंदीतही.

नवव्याबद्दल माझं मत आजही वेगळं आहे. त्याला मान्यता असलेल्या एखाद्या केंद्रात ठेवून सर्पदंशाच्या जनजागृतीसाठी वापरता आलं असतं, असं मला वाटतं. डॉक्टरांचं म्हणणं उलट : खाणं, पचणं आणि कात, तिन्ही प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आल्यावर पिंजऱ्याचं समर्थन करायला आपल्याकडे फक्त दया उरते, आणि त्यासाठी त्या पिल्लाला पंधरा-वीस वर्षं काचेत घालायची का? नोंदवहीत दोन्ही मतं शेजारीशेजारी लिहिली आहेत, खाली ताईची सही आहे, कारण सोडताना डबा तिनेच उघडला होता.